कॅन्सरच्या उपचारात वजन कसं सांभाळायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घरात कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात नातेवाइकांचे फोन सुरू होतात. दूध बंद करा, साखर बंद करा, अंडी-मटण तर नकोच, गव्हांकुराचा रस सुरू करा, फक्त फळांवर ठेवा. प्रत्येक जण मायेनेच सांगतो. पण या सगळ्या सल्ल्यांची बेरीज केली तर ताटातला एकेक पदार्थ कमी होत जातो आणि पेशंट पहिल्या केमोला पोचेपर्यंत चार-पाच किलोंनी उतरलेला असतो. मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो, "काय बंद करायचं?" माझं म्हणणं एवढंच, की पेशंटच्या पोटात दिवसभरात नेमकं किती गेलं, हा प्रश्न रोज आणि आधी विचारायला हवा. हा लेख त्यासाठीच आहे.

कॅन्सरमध्ये वजन उतरतं ते फक्त भूक मेल्यामुळे नव्हे. आजारामुळे शरीरात सतत एक प्रकारचा दाह चालू असतो. त्यातून तयार होणारी रसायनं भूक दाबतात आणि त्याच वेळी स्नायू मोडायला लावतात. म्हणून साध्या उपासमारीत आधी चरबी झिजते, इथे मात्र मांड्या-दंड लवकर बारीक होतात. त्यात गाठ घशात, अन्ननलिकेत किंवा आतड्यात असेल तर अन्नाची वाटच अडते. भरीला केमोची मळमळ आणि रेडिएशनमुळे सोलवटलेलं तोंड. वजन घसरलेल्या पेशंटला केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. तोंडा-घशाच्या रेडिएशनसाठी चेहऱ्याच्या मापाचा मास्क बनवतात. चेहरा उतरला की तो सैल बसतो आणि कधी कधी मास्क व नियोजन दोन्ही नव्याने करावं लागतं. म्हणजे आहार हा उपचाराचाच भाग आहे, उपचार संपल्यावर बघू म्हणण्याची गोष्ट नव्हे.

पहिली पायरी: वजनाची वही

निदान झालं त्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. त्याआधी सहा महिन्यांपूर्वी किती होतं, हेही आठवून लिहा. जुन्या फाइलीत, विम्याच्या तपासणीत, मधुमेहाच्या कार्डावर तो आकडा बहुधा सापडतो. मग आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर आणि साधारण तशाच कपड्यांत वजन करा. रोज करू नका, रोजच्या चढउताराने पेशंट आणि घरचे दोघेही हवालदिल होतात.

आता टक्केवारी काढा. समजा, आधीचं वजन ५८ किलो होतं आणि आता ५४ आहे. कमी झाले ४ किलो. ४ भागिले ५८, गुणिले १०० म्हणजे जवळजवळ ७ टक्के. सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर डॉक्टर त्याकडे कॅन्सरमुळे होणारी झीज म्हणून पाहतात. मुळात सडपातळ माणूस असेल, म्हणजे बीएमआय २० पेक्षा कमी असेल, तर २ टक्क्यांहून जास्त घट झाली तरी ती धोक्याची खूण मानतात. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. फोनवरच्या गणकयंत्रावर मिनिटात निघतो.

इथे एक गोष्ट मनावर ठसवायची आहे. जाड माणूसही कुपोषित असू शकतो. ८५ किलोच्या काकू ७६ वर आल्या की शेजारणी म्हणतात, "बरं झालं, जरा हलक्या झालात." ती १० टक्क्यांहून जास्त घट आहे आणि त्यात बराच वाटा स्नायूंचा असतो. अशा पेशंटची घसरण सगळ्यांच्या नजरेतून निसटते, कारण ते वाळलेले दिसत नाहीत.

उलट फसगतही होते. पोटात किंवा पायांत पाणी साठलं तर काटा वर जातो आणि वजन वाढलं म्हणून घरचे खूश होतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी शिवणकामाच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पायाला सूज असेल तर दंड मोजा. सैल झालेल्या बांगड्या, घड्याळाचा पट्टा, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणं, बरणीचं झाकण न उघडणं, हे सगळं त्याच वहीत लिहा. पुढच्या ओपीडीत वहीचं पान डॉक्टरांसमोर ठेवा. "अशक्तपणा आलाय" या वाक्यापेक्षा ते पान जास्त बोलतं.

दुसरी पायरी: गरज किती, जातंय किती

कॅन्सरच्या पेशंटला साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि किमान १, शक्यतो १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला म्हणजे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. किडनीचा किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर हे आकडे डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

आता कालचा दिवस आठवा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी आणि पातळ वरण-भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री ताक घालून मऊभात. घरच्यांना वाटतं, चार वेळा खाल्लं. या सगळ्यात प्रथिनं जेमतेम १५-१६ ग्रॅम येतात, म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. तीन दिवस पेशंटने काय आणि किती खाल्लं ते प्रामाणिकपणे लिहा. वाढलेलं मोजायचं नाही, पोटात गेलेलं मोजायचं.

प्रथिनांचा अंदाज बांधायला हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा: एक अंडं ६ ग्रॅम, २०० मिली दूध ६ ते ७, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, ३० ग्रॅम कच्ची डाळ ७, मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७ ते ८, १०० ग्रॅम मासळी १८ ते २०, कोरडे सोया चंक्स १०० ग्रॅमला ५० च्या पुढे, पण एका वेळी ते २०-२५ ग्रॅमच खाल्ले जातात. ओले बोंबील मऊ असल्यामुळे गिळायला सोपे. पण त्यांत पाण्याचा भाग जास्त, त्यामुळे सुरमई-रावसाच्या मानाने प्रथिनं कमी पडतात.

ताकदीचं म्हणून जे दिलं जातं, त्यातलं बरंच हलकं असतं. डाळीवरचं पाणी म्हणजे जवळजवळ पाणीच, प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत राहतात. चिकनचं नितळ सूप तसंच, आतलं मांस बारीक करून त्यात घातलं तरच उपयोग. नाचणीचं सत्त्व पचायला चांगलं, पण ते मुख्यतः पिष्ट. ते दुधात शिजवा. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीला २० कॅलरींच्या आसपास असतात. तहानेला उत्तम, पोषण म्हणून अपुरं. डाळिंबाच्या रसाचंही तेच. हे पदार्थ वाईट नाहीत, पण पेशंटच्या पोटात जागा थोडी असते आणि ती यांनीच भरून गेली तर खऱ्या अन्नाला उरत नाही.

तिसरी पायरी: तेवढ्याच घासात जास्त पोषण

भूक नसलेल्या माणसाला "अजून दोन घास" म्हणण्यापेक्षा आहे त्या घासात भर घालणं सोपं. घरच्या स्वयंपाकातच हे जमतं.

दुधाच्या एका पेल्यात दोन मोठे चमचे दूध पावडर मिसळली की प्रथिनं ६-७ वरून ११ ग्रॅमच्या आसपास जातात आणि पेला तेवढाच राहतो. याच दुधात खीर, लापशी, नाचणी शिजवा. शेंगदाण्याचा बारीक कूट भाजीत, कोशिंबिरीत, दह्यात घाला. पोळीच्या कणकेत बेसन किंवा सोयाबीनचं पीठ मिसळा. फुटाण्यांचं पीठ ताकात किंवा गूळ-दुधात कालवा. मेतकूट-भात आपल्याकडे आजारी माणसाचं अन्न आहेच, त्यावर सढळ हाताने तूप घाला. एका छोट्या चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि पोटात जागा लागत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटतं ते घट्ट खिमट. नेहमी आपण तांदूळ जास्त आणि डाळ थोडी घेतो. इथे ५० ग्रॅम मुगाची डाळ आणि ५० ग्रॅम तांदूळ, दोन्ही समसमान घ्या. थोडे भाजून, जिरं-हिंग घालून कुकरला मऊ शिजवा, रवीने किंवा मिक्सरमध्ये घोटा, वर दोन चमचे तूप. यात १५-१६ ग्रॅम प्रथिनं आणि ४०० च्या पुढे कॅलरी येतात. एका वेळी संपत नसेल तर दोन वेळा करा, उरलेलं लगेच फ्रिजमध्ये. खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात उपचारासाठी कोकणातून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं एका खोलीत एकाच शेगडीवर राहतात. त्यांनाही कुकर आणि रवी एवढ्यावर हे करता येतं.

५० किलोच्या पेशंटचा एक दिवस असा बसवता येतो. सकाळी ७ ला पावडर घातलेलं दूध. साडेनऊला मुगाच्या डाळीची दोन धिरडी तुपासह. साडेबाराला अर्धं खिमट आणि एक अंडं, शाकाहारी असतील तर पनीरचा मोठा तुकडा कुस्करून. साडेतीनला वाटीभर दही, केळं आणि शेंगदाण्याचा छोटा लाडू. सहाला फुटाण्याच्या पिठाचं गूळ घातलेलं पेय. साडेआठला उरलेलं खिमट आणि थोडं पनीर. झोपताना पाऊण पेला दूध. प्रथिनं ६५ ग्रॅमच्या पुढे, कॅलरी १५०० च्या आसपास. एकाही वेळचं ताट भरगच्च नाही. पाणी, ताक, सरबत दोन खाण्यांच्या मधे द्या. जेवताना प्यायलं की पोट लगेच भरतं.

डब्यातली पावडर कधी घ्यायची

वर सांगितलेलं करूनही आठवड्याभरात गरज भरत नसेल, तर तयार पोषण पावडर सुरू करायला कमीपणा वाटू देऊ नका. घेण्याआधी डब्याच्या मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती, एका वेळच्या मापात किती आणि तो डबा किती दिवस पुरेल. जाहिरातीतल्या पावडरींपैकी काहींमध्ये साखर भरपूर आणि प्रथिनं थोडी असतात. मधुमेह असेल तर त्यासाठीच्या वेगळ्या पावडरी मिळतात. डबा महिनाभर चालावा म्हणून अर्धं माप घालून पाण्यासारखं करून देणं हे सर्रास होतं. खर्चाची अडचण मला कळते, पण त्यापेक्षा दिवसाला एकदाच पूर्ण मापाने द्या आणि बाकी घरचं द्या. हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागातही मदतीबद्दल विचारा.

पेला एका दमात संपवायचा नसतो. अर्ध्या-पाऊण तासात घोट घोट घ्यायचा. वास सहन होत नसेल तर झाकणाच्या कपात आणि गार करून द्या. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल, तर काही दिवस गार पदार्थ आणि गार पाणी बंद. त्या औषधाने गारव्याला घसा आणि बोटं झिणझिणतात, घास अडकल्यासारखं वाटतं. ते दिवस कोमट द्या.

चौथी पायरी: तोंड, घसा आणि चव

भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. तंबाखू, गुटखा, मावा हे त्याचं मोठं कारण. म्हणून तोंडाबद्दल जरा सविस्तर लिहिते. तोंडा-घशाचं रेडिएशन बहुधा सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटायला लागतं आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे ते दुखतं. पहिल्या आठवड्यात पेशंट नीट जेवत असतो. तयारी तेव्हाच करायची: दातांची तपासणी उपचाराआधी, वजनाची नोंद आणि गरज पडली तर अन्न देण्याच्या नळीबद्दलचं बोलणंसुद्धा.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून ठेवा. दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर या पाण्याने हलक्या गुळण्या करायच्या. गिळायचं नाही, आणि रोज नवं करायचं. बाजारातला अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. वेदनेची औषधं आणि तोंड बधिर करणारं जेल डॉक्टरांनी दिलं असेल, तर ते जेवणाआधी घ्यायचं. दुखायला लागल्यावर घेऊन काय उपयोग? मग घास थांबलेलाच असतो.

तिखट, आंबट, खरखरीत, फार गरम हे सगळं बाजूला. थालीपीठ, भाकरीचा पापुद्रा, फरसाण काही महिन्यांपुरतं विसरायचं. दूध-पोळी मऊ भिजवून, शिकरण, पातळ शिरा, शेवयांची खीर, कस्टर्ड, तिखट न घातलेली मऊ भुर्जी, नारळाच्या दुधातली फिकी मासळी काटे काढून, घोटलेला भात हे चालतं. दही काहींना झोंबतं, काहींना बरं वाटतं, विचारून द्या. लाळ आटली असेल तर प्रत्येक घास तुपाने किंवा वरणाने ओला करा, पाण्याची बाटली सतत हाताशी ठेवा.

धातूसारखी चव येत असेल, तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरा. मटण-चिकन कडवट लागलं तर अंडं, पनीर, डाळ पुढे करा. तोंडात जखमा नसतील तर लिंबू, कोकम, पुदिन्याने चव थोडी परतते.

जबडा उघडायला त्रास होत असेल, तर तीन बोटं उभी धरून दातांमधे जातात का बघा. जात नसतील तर फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचे व्यायाम लगेच शिकून घ्या. हे जितकं उशिरा सुरू होतं, तितकं कठीण जातं.

पाणी पिताना ठसका लागणं, खाल्ल्यावर आवाज घोगरा-ओला येणं, वारंवार ताप आणि खोकला, यातलं काही दिसलं तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना कळवा. "हळूहळू पाजू" असं करत राहू नका.

मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठता

मळमळीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी आधीच घ्यायची असते. फोडणीचा वास त्रास देतो, म्हणून पेशंटला स्वयंपाकघरापासून दूर बसवा आणि अन्न निवलेलं द्या. सकाळी उठल्या उठल्या कुरमुरे, खाकरा, टोस्ट असं कोरडं काही. केमोच्या दिवशी पेशंटचा लाडका पदार्थ मुद्दाम करू नका. उलटीशी त्याची सांगड बसली की तो पदार्थ कायमचा नकोसा होतो.

जुलाबात ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, एक लिटर असेल तर पूर्ण लिटर. तांदळाची पेज मीठ घालून, कच्च्या केळ्याची फिकी भाजी, मऊभात द्या. काही दिवस दूध कमी करून पहा. जुलाब थांबवण्याची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, ताप असेल तर मुळीच नको.

मळमळीची काही औषधं आणि वेदनेवरचं मॉर्फिन यांनी पोट घट्ट होतं. मॉर्फिन सुरू असेल तर रेचक औषध बहुधा सोबत द्यावंच लागतं, डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर विचारा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच द्यायचं. आतड्यात अडथळा असेल तर ते चालत नाही.

रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी उतरल्या असतील त्या दिवसांत बाहेरचा रस, कापलेली फळं, पाणीपुरीचं पाणी, कच्चं अंडं, न तापवलेलं दूध नको. घरचं ताजं शिजवलेलं अन्न, सालं काढलेली धुतलेली फळं आणि साबणाने धुतलेले हात पुरेसे आहेत. सगळी फळं-भाज्या बंद करण्याने संसर्ग कमी होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

पाचवी पायरी: नळी

नाकातून पोटात जाणारी नळी म्हणजे रायल्स ट्यूब. तिचं नाव निघालं की घरात रडारड होते. नळी म्हणजे शेवट, असा समज आहे. खरं तर तोंडाच्या रेडिएशनमध्ये अनेकांना ती काही आठवड्यांपुरतीच लागते आणि ते पेशंट पुढे भाकरी खातात. आठवड्याभरात काहीच खाता येणार नसेल, किंवा गरजेच्या ६० टक्क्यांहून कमी अन्न एक-दोन आठवडे जात असेल, तर नळीचा विचार करायची वेळ झाली. चार ते सहा आठवड्यांहून जास्त काळ लागणार असेल, तर पोटावरून थेट जठरात जाणारी नळी अधिक सोयीची पडते. वजन पार उतरल्यावर घातलेल्या नळीपेक्षा वेळेवर घातलेली नळी जास्त कामाची.

घरी देताना पेशंटला बसवा किंवा डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश उचला. नाकाशी केलेली खूण जागेवर आहे ना, ते दर वेळी पहा आणि हॉस्पिटलमध्ये शिकवल्याप्रमाणे खात्री करा. आधी ३० मिली पाणी, मग २०० ते २५० मिली अन्न २०-३० मिनिटांत आपोआप उतरू द्या, सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकलू नका, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. नंतर अर्धा-एक तास आडवं होऊ द्यायचं नाही. गोळ्या अन्नात मिसळू नका, आणि कुठल्या गोळ्या कुटायला चालतात ते आधी विचारा. सगळ्याच चालत नाहीत.

घरचं अन्न मिक्सरमधून काढून, मलमलच्या फडक्यातून गाळून देता येतं. पण नळीतून जावं म्हणून ते इतकं पातळ केलं जातं की दीड लिटर देऊनही पेशंट उपाशी राहतो. साधारण एका मिलीत एक कॅलरी येईल असं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. २०० मिली सात वेळा दिलं की मग १४०० कॅलरी होतात. आपल्या दमट हवेत नळीसाठी तयार केलेलं अन्न, म्हणजे फीड, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमधलं एका दिवसात संपवा. नळी निघाली तर घरी पुन्हा आत ढकलायची नाही. आणि तोंडाने काही जात नसलं तरी गुळण्या व दात घासणं चालूच ठेवायचं.

सलाईनबद्दल

"डॉक्टर, ताकदीसाठी एक सलाईन लावा," असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जास्तीत जास्त १०० कॅलरी, एका केळ्याएवढ्या. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये शून्य. पाणी कमी पडलं असेल तर सलाईन हवीच, पण पोषण म्हणून तिच्यावर विसंबू नका. शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची पद्धत वेगळी असते, ती आतडं काम करत नसेल तेव्हाच आणि देखरेखीखाली देतात.

फार दिवस उपाशी राहिलेल्या पेशंटबाबत सावधान

पाच दिवस किंवा अधिक काळ जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर एकदम भरपूर खायला घालणं धोक्याचं असतं. अचानक अन्न मिळाल्यावर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर ताण येऊ शकतो. अशा पेशंटला हॉस्पिटलमध्ये रक्त तपासून, बी-१ जीवनसत्त्व देऊन, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करतात. हे काम घरच्यांनी मायेच्या भरात करायचं नाही.

साखर, उपास आणि फोनवरचे सल्ले

साखर खाल्ल्याने गाठ वाढते आणि बंद केल्याने ती उपाशी मरते, हा समज खोटा आहे. शरीर लागणारी साखर भातापासूनही करतं आणि प्रथिनांपासूनही. मधुमेह असेल तर रक्तातली साखर आटोक्यात हवी, त्यातही केमोबरोबर मिळणाऱ्या स्टेरॉइडने ती वाढते. तेव्हा जेवण कापण्याऐवजी औषधाचा डोस बदलून घ्या. अनोळखी काढे, मोठ्या मात्रेत हळदीच्या गोळ्या, फक्त रसांवर राहणं हे उपचार चालू असताना नको. औषधांच्या कामात त्यांचा अडथळा येऊ शकतो आणि लिव्हरला त्रास होऊ शकतो. कॅन्सरच्या काही गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या असतात, जसं कॅपेसिटाबिन जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आणि काही रिकाम्या पोटी, जसं अबिराटेरोन. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

संकष्टी, एकादशी, श्रावण यांबद्दल आजींशी वाद घालू नका. बरं झाल्यावर उद्यापन करता येतं, हे घरातल्या मोठ्या माणसाने किंवा गुरुजींनी सांगितलं तर त्यांना पटतं. तरी उपास करायचाच असेल तर राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे भरपूर द्या. नुसता साबुदाणा म्हणजे पिष्ट.

भूक वाढवण्याची औषधंही आहेत. पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केमो घेणाऱ्या पेशंटमध्ये ओलान्झापिनच्या कमी मात्रेने भूक आणि वजन वाढलेलं दिसलं. याने झोप येते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं औषध आहे. पण विचारायला हरकत नाही. बरेच पेशंट भुकेबद्दल डॉक्टरांना सांगतच नाहीत.

खाण्याबरोबर थोडी हालचालही हवी. खुर्चीतून उठ-बस, घरातल्या घरात चालणं, झेपेल तेवढं. नुसत्या प्रथिनांनी स्नायू टिकत नाही.

ताटावरची भांडणं

"चार घास खा ना, माझ्यासाठी." हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या माणसाला प्रत्येक जेवण परीक्षेसारखं वाटायला लागतं. छोटी वाटी पुढे ठेवा आणि वीस मिनिटांनी न बोलता उचला. दोन तासांनी पुन्हा. सकाळी भूक बरी असते, तेव्हाचं खाणं सर्वांत भरभक्कम करा.

आजार फार पुढे गेला असेल आणि उपचारांचा हेतू आराम देणं एवढाच उरला असेल, तेव्हा हे सगळे आकडे बाजूला ठेवायचे. शेवटच्या दिवसांत भूक जाते ती आजारामुळे. जबरदस्तीने घातलेलं अन्न किंवा नळी त्या काळात सहसा बळ देत नाही, त्रास मात्र देते. मागितलं तर चमचाभर आइस्क्रीम, ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ ठेवणं. "उपाशी ठेवलं" ही बोच कुणी मनाला लावून घेऊ नये. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांशी घरच्या सगळ्यांनी एकदा बसून बोला.

ओपीडीच्या दिवशी

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने खारघरला जाणारा पेशंट पहाटे उपाशी निघतो आणि दुपारी दोनला पहिला घास खातो. असे दिवस महिन्यात अनेक येतात. तपासणीसाठी खरंच उपाशी राहायचंय का, हे आदल्या दिवशी विचारा. पेट-सीटी, एंडोस्कोपी यांना उपाशी राहावं लागतं. साध्या सीबीसीला (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिनला (किडनीची तपासणी) सहसा नाही. डब्यात तूप-मेतकुटाचा भात किंवा पनीर भरलेली मऊ पोळी, सोबत शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, पाण्याची बाटली आणि पावडरीचं एक माप वेगळ्या डबीत ठेवा. रक्त देऊन झालं की रांगेतच खायला द्या.

वहीतलं पान काढून डॉक्टरांना हे विचारा: वजन किती टक्के उतरलं, आहारतज्ज्ञाकडे आजच पाठवाल का, नळीची वेळ कधी येईल, ही औषधं जेवणाआधी की नंतर, आणि रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे ताप, दिवसभरात पाणीही न टिकणं, नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब, लघवी फार कमी होणं, गिळताना अचानक अडकणं, नळी निघणं किंवा फीड देताना धाप लागणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्या नंबरवर लगेच फोन करा.